सिड चिपमधून ३०३ सारखा अ‍ॅसिड बेस कसा काढायचा?

प्रश्न मिरजेहून आला आहे. जुन्या कमोडोर ६४ या घरगुती कॉम्प्युटरमधली आवाज काढणारी ६५८१ सिड चिप, आर्डुइनो नॅनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड आणि सहा नॉब घेऊन घरी सिंथ बनवला आहे. नोटा वाजतात, सॉटूथ (करवतीच्या दातांसारखा तरंग) चांगला जाड आहे. पण रोलंडच्या टीबी-३०३ या बेस सिंथचा पिळवटून निघणारा, ‘च्याँव’ करणारा बेस येत नाही. कटऑफ (फिल्टर जिथून वरचे सूर कापतो ती जागा) फिरवला की पायऱ्या ऐकू येतात, मध्येच एखादी नोट उशिरा वाजते किंवा गिळली जाते, आणि रेझोनन्स (कटऑफपाशी आवाज फुगवणं) पूर्ण चढवला तरी फिल्टर ओरडत नाही. चिप बाद आहे का, असं विचारलं आहे.

चिप बहुधा ठीक आहे. तिन्ही तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत. पहिल्या दोन प्रोग्राममध्ये सुटतात. तिसरी चिपच्या स्वभावातच आहे, तिला वळसा घालावा लागतो.

आधी हे ध्यानात घ्या की ३०३ मध्ये ऑसिलेटर एकच आहे, तोही साधा. १९८१ साली रोलंडने ही पेटी बाजारात आणली ती गिटारवाल्यांना सरावाला बेसची साथ मिळावी म्हणून. त्या कामात ती सपशेल पडली. १९८२ साली मुंबईच्या चरणजित सिंग यांनी तिच्यावर राग वाजवून तबकडी काढली. शिकागोच्या डान्स संगीतवाल्यांनी तिचे नॉब वाजता वाजता पिळून ‘अ‍ॅसिड’ केलं ते नंतर, १९८७ च्या सुमाराला. म्हणजे आवाजाची जादू सॉटूथमध्ये नाही. ती चार गोष्टींच्या मेळात आहे: प्रत्येक नोटेबरोबर फिल्टर उघडून झपकन मिटणं, ठरावीक नोटांवरचा जोर, नोटेतून नोटेत जाणारी मींड आणि गेट (नोट चालू-बंद करणारा इशारा) कधी बंद होतं याची वेळ. सिडमध्ये सॉटूथ आहे, फिल्टरही आहे, पण हा मेळ नाही. तो तुम्हाला नॅनोकडून दर मिलिसेकंदाला करवून घ्यावा लागेल.

मिरजेत राहता, तर तंबोऱ्याची जवारी कानावर असेलच. तार एकच असते, पण घोडीवरच्या दोऱ्यामुळे एकेक स्वरांश वर येऊन चमकून जातो. रेझोनन्स चढवलेला फिल्टर हलत असताना नेमकं हेच करतो. स्थिर फिल्टर कितीही चढवा, नुसती शिट्टी ऐकू येईल.

प्रोग्रामला हात लावण्याआधी दहा मिनिटं हार्डवेअरला द्या. चिपवर ६५८१ लिहिलं असेल तर २८ नंबरच्या पिनला १२ व्होल्ट, ८५८० (सिडची नंतरची आवृत्ती) असेल तर ९ व्होल्ट. ८५८० ला १२ व्होल्ट दिले तर ती मरते. २५ नंबरच्या पिनला ५ व्होल्ट. १२ व्होल्ट थेट अ‍ॅडॅप्टरवरून घेऊ नका. १५ व्होल्टच्या अ‍ॅडॅप्टरपुढे ७८१२ लावा आणि दोन्ही पुरवठ्यांच्या पिनांजवळ १०० नॅनोफॅरडचे कपॅसिटर ठेवा. पुरवठ्यातली गुणगुण फिल्टरमधून सरळ आवाजात उतरते, आणि मंडपातल्या जनरेटरवर तर हमखास.

फिल्टरचे दोन कपॅसिटर १-२ आणि ३-४ या पिनांच्या जोड्यांवर असतात. कमोडोर ६४ मध्ये ६५८१ ला दोन्हीकडे ४७० पिकोफॅरड असत. अ‍ॅसिडसाठी ते बदलावेत असा माझा आग्रह आहे. ४७० पिकोला ६५८१ चा फिल्टर पूर्ण मिटवला तरी साधारण २०० हर्ट्झच्या आसपासच अडतो. तिथून उघडझाप केली तर बेस ‘वाव’ करत नाही, नुसता उजळतो. दोन्ही जागी १ नॅनोफॅरड टाका. कटऑफ कपॅसिटरच्या व्यस्त प्रमाणात असल्याने सगळी पट्टी निम्म्याहून थोडी खाली सरकते. वरची टोकाची झळाळी जाईल, पण अ‍ॅसिडला तिचं कामही नाही. कपॅसिटर पॉलिस्टायरिन, फिल्म किंवा सी-झीरो-जी प्रकारचा सिरॅमिक घ्या, दोन्ही एकाच जातीचे. साधे चपटे सिरॅमिक तापमानाबरोबर वाहवतात. रेझिस्टर, डायोड, टीएल०७२ सांगली-मिरजेतल्या दुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात मिळून जातात. कपॅसिटरची ही जात नाही मिळाली तर पुण्यात बुधवार पेठ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोड. ८५८० वाल्यांनी मात्र २२ नॅनोफॅरडच ठेवावेत. तिचा फिल्टर तसाही खालपर्यंत मिटतो.

आउटपुट २७ नंबरच्या पिनवर. ६५८१ ला तिथून जमिनीला १ किलोओम, मग ट्रान्झिस्टरचा एमिटर फॉलोअर, आणि पुढे १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. इथे हाताशी आहे म्हणून १०० नॅनोफॅरड टाकला आणि पुढचं इनपुट १० किलोओमचं असलं, तर १६० हर्ट्झखालचं सगळं गळायला लागतं. ‘बेस पातळ येतो’ या तक्रारीमागे बऱ्याचदा चिप नसते, हा कपॅसिटर असतो.

फिल्टर जिवंत आहे का ते पाहण्यासाठी सिडमधल्या तीन स्वतंत्र आवाजांपैकी पहिल्यावर नॉइज लावा, लो-पास निवडा, कटऑफ ० वरून २०४७ वर न्या. मिटलेला असताना लांबून येणारी घरघर आणि उघडल्यावर कुकरच्या वाफेसारखा फुत्कार, असा फरक ऐकू आला पाहिजे. काहीच फरक नसेल तर आधी कपॅसिटरचे टाके तपासा. ते ठीक असतील तर चिपचा फिल्टर गेला आहे. ६५८१ मध्ये हा भाग स्थिर विजेने किंवा उष्णतेने सगळ्यात आधी जातो, आणि ‘चालू’ म्हणून विकल्या जाणाऱ्या चिपांत अशा बऱ्याच निघतात. त्यांचे ऑसिलेटर मात्र ठणठणीत असतात. त्यांचं काय करायचं ते पुढे येईल.

आता पायऱ्यांची तक्रार. सिडमध्ये प्रत्येक आवाजाला स्वतःचा एन्व्हलप (नोटेबरोबर होणाऱ्या चढउताराचा आराखडा) आहे, पण तो फक्त आवाजाची पातळी हलवतो. फिल्टरला एन्व्हलप नाही. कमोडोरच्या खेळांत फिल्टर प्रोग्रामनेच हलवत, आणि बहुतेकदा पडद्याच्या प्रत्येक चित्राला एकदा, म्हणजे सेकंदाला ५० वेळा. तुमचा मुख्य लूपही बहुधा त्याच चालीने फिरतो आहे. १२५ बीपीएमला सोळावा भाग १२० मिलिसेकंदांचा होतो. २० मिलिसेकंदांना एक बदल म्हटलं तर एका नोटेत फिल्टरच्या सहाच पायऱ्या. त्या ऐकू येणारच.

म्हणून टायमर-२ वर १००० हर्ट्झचा इंटरप्ट लावा: सीटीसी मोड, प्रीस्केलर ६४, तुलनेचा आकडा २४९. टायमर-१ ला हात लावू नका, तो डी-९ पिनवर चिपला १ मेगाहर्ट्झचं घड्याळ देतो (प्रीस्केलर नाही, टॉगल, तुलनेचा आकडा ७). या इंटरप्टमध्ये एन्व्हलप, मींड आणि कटऑफ यांचा हिशेब करून चिपची चार रजिस्टर (आकडे ठेवायच्या जागा) लिहायची: नोटेची दोन, कटऑफची दोन. नॉब इथे वाचू नका. एका नॉबच्या वाचनाला नॅनो सुमारे १०० मायक्रोसेकंद घेते. सहा नॉब वाचले की निम्म्याहून जास्त मिलिसेकंद गेला. ते काम मुख्य लूपवर सोडा, आणि वाचलेला आकडा तसाच वापरण्याऐवजी दर वेळी फरकाचा सोळावा हिस्सा पुढे सरकवा. नाहीतर नॉब स्थिर असतानाही शेवटचा आकडा थरथरतो आणि चढवलेल्या रेझोनन्सवर ती थरथर मुंगीसारखी ऐकू येते.

फिल्टरचा एन्व्हलप अगदी साधा आहे. नोट लागली की १६ बिटांची एक संख्या ६५५३५ वर न्या. मग दर मिलिसेकंदाला तिला एका आकड्याने गुणून ६५५३६ ने भागा. ३०३ मध्ये डिके (एन्व्हलप उतरायला लागणारा वेळ) सुमारे २०० मिलिसेकंद ते २ सेकंद आहे. तेवढ्या वेळात संख्या ५ टक्क्यांवर यावी असं धरलं, तर २०० मिलिसेकंदांसाठी गुणक ६४५६२ आणि २ सेकंदांसाठी ६५४३८ येतो. नॉबने या दोघांमध्ये फिरा. सरळ रेषेत उतरणारा एन्व्हलप लिहिण्याचा मोह टाळा. त्याने नोट ‘च्याँव’ न करता ‘वूऊ’ करते, कारण फिल्टर वरच्या भागात फार वेळ रेंगाळतो.

एन्व्हलपची संख्या थेट कटऑफच्या रजिस्टरमध्ये भरू नका. कान सप्तकांत ऐकतो, रजिस्टर तसं चालत नाही. मध्ये २५६ घरांचं एक कोष्टक ठेवा, एका सप्तकाला ३२ घरं. सुरुवात ५० हर्ट्झला धरली तर आठ सप्तकांत १२,८०० हर्ट्झपर्यंत जाता. प्रत्येक घरात त्या कटऑफसाठी लागणारा ११ बिटांचा आकडा. घरामागून घर उड्या न मारता दोन घरांमधला आकडा काढून वापरा, कारण लांब डिकेवर ३२ घरंही खरखरतात.

८५८० चं कोष्टक कागदावर होतं: तिचा फिल्टर जवळजवळ सरळ रेषेत चालतो, रजिस्टरच्या एका अंकाला सुमारे ५.८ हर्ट्झ. १०० हर्ट्झच्या खाली मात्र एकेक अंक अर्ध्या स्वराएवढी उडी घेतो. म्हणून तिच्यावर बेस फार खाली मिटवू नका.

६५८१ ला मोजमापाशिवाय गत्यंतर नाही. दोन ६५८१ सारख्या नसतात. एकीवरचा कोष्टक दुसरीवर चालत नाही, आणि कुणाचा तरी तयार कोड उतरवून ‘माझा आवाज तसा येत नाही’ म्हणणाऱ्यांची अर्धी अडचण इथेच असते. नॉइज सर्वांत वरच्या फ्रीक्वेन्सीला लावा, बँड-पास निवडा, रेझोनन्स १५. कटऑफच्या वरच्या बाइटला ०, १६, ३२ असं करत २४० पर्यंत न्या आणि प्रत्येक ठिकाणी दोन सेकंद कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करा. ऑडॅसिटीच्या स्पेक्ट्रममध्ये शिखर कुठे आहे ते लिहून काढा. सोळा आकडे मिळतील आणि त्यांची वेलांटी इंग्रजी ‘एस’ सारखी दिसेल: खाली बराच वेळ सपाट, मध्ये एकदम चढ, वर पुन्हा सपाट. ५१२, १०२४ आणि १५३६ या आकड्यांपाशी अलीकडे-पलीकडे दोन्हीकडे मोजा. ६५८१ च्या आतली डिजिटल-अ‍ॅनालॉग शिडी सदोष आहे. १०२३ वरून १०२४ वर जाताना कटऑफ वर जाण्याऐवजी खाली आपटतो. उतरत्या एन्व्हलपच्या मधोमध हा खड्डा आला की प्रत्येक नोटेत तीच उचकी लागते. कोष्टकात त्या जागा सरळ गाळा. मोजायच्या आधी चिप वीस मिनिटं तापू द्या, कारण थंड आणि गरम ६५८१ चा फिल्टर वेगळ्या ठिकाणी बसतो.

कटऑफचं घर काढायचं असं: मूळ कटऑफ, वजा एन्व्ह-मॉडचा (एन्व्हलपने फिल्टर किती हलवायचा त्या नॉबचा) चौथा हिस्सा, अधिक एन्व्ह-मॉड गुणिले एन्व्हलप, अधिक जोराचा हिस्सा. तो चौथा हिस्सा वजा करण्यात गंमत आहे. ३०३ मध्येही एन्व्ह-मॉड वाढवला की फिल्टरचा तळ थोडा खाली जातो. त्यामुळे नॉब फिरवताना आवाज नुसता उजळत नाही, दोन्हीकडे ताणला जातो. सुरुवातीला मूळ कटऑफ ६० ते ११० घरांत ठेवा, म्हणजे सुमारे १८० ते ५४० हर्ट्झ. एन्व्ह-मॉड ६४ ते ११०, म्हणजे दोन ते साडेतीन सप्तकं. बेरीज ० ते २५५ मध्येच कोंबा आणि मगच कोष्टकात जा. ते विसरलात तर २५५ च्या पुढे गेलेला आकडा उलटून शून्याकडे येतो आणि सगळ्यात जोरकस नोटेवरच फिल्टर खाडकन मिटतो.

नोटा गिळल्या जातात त्याचं कारण सिडचा जगप्रसिद्ध एन्व्हलप-दोष. एन्व्हलपचा वेग एक मोजणी ठरवते. तुम्ही लांब डिकेवरून छोट्या रिलीजवर (नोट सुटल्यावरचा उतार) किंवा झटपट अ‍ॅटॅकवर गेलात आणि मोजणी तोपर्यंत नव्या मर्यादेच्या पुढे गेलेली असली, तर ती ३२,७६८ पर्यंत जाऊन पुन्हा शून्यावरून येते. १ मेगाहर्ट्झला हा फेरा जवळजवळ ३३ मिलिसेकंदांचा. १२० मिलिसेकंदांच्या नोटेत ३३ मिलिसेकंद उशीर म्हणजे लय गेलीच. खेळांचं संगीत लिहिणारे यावर ‘हार्ड रीस्टार्ट’ करत: पुढच्या नोटेच्या आधी एन्व्हलप शून्यावर आणून ठेवायचा. अ‍ॅसिडला ती कसरत नको. अ‍ॅटॅक ०, डिके ०, रिलीज ० ठेवा आणि आवाज सस्टेनवर (नोट चालू असताना टिकणाऱ्या पातळीवर) चालवा. तिन्ही दर एकच असले की मर्यादा बदलतच नाही आणि दोष उद्भवायला जागाच राहत नाही. ३०३ शी हे जुळतंही, कारण तिच्या आवाजाची पातळी नोटेत फारशी उतरत नाही. नोट संपते ती गेट बंद झाल्यामुळे.

रजिस्टरांचे आकडे दशमानात देतो. ५ नंबरच्या रजिस्टरमध्ये ०. ६ मध्ये साध्या नोटेला १६० (सस्टेन १०), जोराच्या नोटेला २४० (सस्टेन १५). ४ मध्ये सॉटूथ चालू ३३, गेट बंद ३२. चौकोनी तरंग हवा असेल तर ६५ आणि ६४, आणि पल्सची रुंदी २०४८. २३ मध्ये २४१: रेझोनन्स १५, पहिला आवाज फिल्टरमधून. २४ मध्ये १५९: लो-पास, व्हॉल्यूम १५, तिसरा आवाज तोडलेला. दुसऱ्या-तिसऱ्या आवाजाची फ्रीक्वेन्सी ० आणि वेव्हफॉर्म बंद ठेवा, नाहीतर ६५८१ मध्ये त्यांची कुजबुज झिरपते. नोटेचा आकडा म्हणजे हर्ट्झ गुणिले १६.७७७, ५५ हर्ट्झला ९२३, ११० ला १८४५.

जोरासाठी २४ नंबरचं व्हॉल्यूम हलवावंसं वाटेल. नको. ६५८१ मध्ये व्हॉल्यूम बदलला की आउटपुटचा तळच उडी मारतो आणि ‘टक्’ होतं. याच टक्‌टकीवर त्या काळी लोकांनी चिपकडून रेकॉर्ड केलेले आवाज वाजवून घेतले. जोर सस्टेनमधूनच द्या, आणि तो गेट उघडण्याआधी लिहा. नोट चालू असताना सस्टेन कमी केला तर आवाज उतरतो. वाढवला तर चढत नाही, उलट शून्याकडे निघतो. आणखी एक फायदा असा की सस्टेन फिल्टरच्या आधी लागतो. ६५८१ च्या फिल्टरला मोठा आवाज सोसत नाही, तो चुरगळतो. म्हणजे जोराची नोट मोठी येते तशी मळकटही येते. आपल्याला हेच हवं आहे.

पण ३०३ चा जोर म्हणजे नुसती मोठी नोट नव्हे. जोराच्या नोटेवर फिल्टरचा डिके नॉब कुठेही असो, तो सगळ्यात छोटा, म्हणजे २०० मिलिसेकंदांचा होतो. शिवाय एन्व्हलपचा एक हिस्सा कपॅसिटरमध्ये साठून फिल्टरला वर ढकलतो, आणि लागोपाठ जोर आले तर तो पूर्ण रिकामा व्हायच्या आत पुन्हा भरतो. म्हणून तिसरी नोट पहिलीपेक्षा जास्त उघडते. प्रोग्राममध्ये यासाठी वेगळी संख्या ठेवा. जोराच्या नोटेत ती एन्व्हलपच्या दिशेने दर मिलिसेकंदाला फरकाचा पंचेचाळिसावा भाग चढू द्या. एरवी शून्याकडे एकशेविसावा भाग उतरू द्या. १२५ बीपीएमला एका मात्रेनंतर तिसऱ्या हिश्शाहून थोडी जास्त शिल्लक राहते, एवढी पुरते. तिचा कमाल हिस्सा ४० ते ६० घरं. नोट बदलली म्हणून तिला शून्य करू नका. सगळी मजा त्या उरलेल्या शिल्लकीत आहे. बहुतेक घरगुती ३०३ मध्ये हीच चूक असते आणि मग ‘सगळं बरोबर आहे पण जीव नाही’ असं होतं.

मींडेत दोन गोष्टी एकदम होतात. स्लाइडची खूण असलेल्या मात्रेवर गेट बंद करायचं नाही, आणि पुढचा स्वर घसरत गाठायचा. एन्व्हलप नव्याने सुरू करायचा नाही. वेळ अंतरावर अवलंबून नाही, दोन स्वरांची मींड असो की सप्तकाची, साधारण ६० मिलिसेकंदांत ती पोहोचते. म्हणून स्वर अर्ध्या स्वराच्या २५६ व्या भागांत ठेवा आणि दर मिलिसेकंदाला उरलेल्या अंतराचा बाविसावा भाग चाला. हे हर्ट्झमध्ये केलं तर वर जाणारी आणि खाली येणारी मींड वेगळी वाटते. पूर्णांकांत भागाकार करताना अंतर २२ च्या खाली आलं की उत्तर शून्य येतं आणि स्वर लक्ष्याच्या आठेक सेंट अलीकडेच थिजतो. तेव्हा उरलेलं अंतर एका झटक्यात मिटवा. कानाला हा बेसूरपणा लगेच कळतो, कोडमध्ये मात्र तासभर सापडत नाही.

गेट मात्रेच्या निम्म्यावर, फार तर ६० टक्क्यांवर बंद करा. नोटांमधल्या या फटीमुळेच मींडेच्या जागी फट नसणं ठळक होतं. सगळ्या नोटा एकमेकींना चिकटवल्या तर मींड हरवून जाते.

रचनेला सोळा मात्रा, म्हणजे तीनतालाची चौकट तयारच आहे. पण जोर समेवर आणि टाळ्यांवर घालू नका, ते काम ड्रम करतो आहे. तपासणीसाठी ही ओळ घ्या, सा म्हणजे ५५ हर्ट्झ: पहिली मात्रा सा, दुसरी सा, तिसरी तार सा मींडेसह, चौथी सा जोराने, पाचवी रिकामी, सहावी कोमल ग, सातवी सा जोराने, आठवी तार सा, नववी सा, दहावी कोमल नि मींडेसह, अकरावी तार सा जोराने, बारावी रिकामी, तेरावी सा जोराने, चौदावी कोमल रे जोराने आणि मींडेसह, पंधरावी सा, सोळावी मंद्र कोमल नि. तेराव्या मात्रेवर टाळी असली तरी तेरा-चौदा हे लागोपाठचे जोर मुद्दाम ठेवले आहेत, ते साठवण तपासतात. चौदावर फिल्टर तेरापेक्षा जास्त उघडला नाही तर जोराची संख्या कुठेतरी शून्य होते आहे. मंद्र नि मात्र लहान स्पीकरवर शोधू नका.

राहिला रेझोनन्स. ३०३ चा फिल्टर सप्तकाला २४ डेसिबलने कापतो, सिडचा १२ ने, आणि ६५८१ चा रेझोनन्स १५ वर नेला तरी शिखर बेताचंच असतं. हा चिपचा दोष नाही, तिची जात आहे. रजिस्टर बदलून ती बदलणार नाही, पण तीन वाटा आहेत.

पहिली वाट फुकटची. लो-पासबरोबर बँड-पासचा बिटही चालू करा. २४ नंबरमध्ये १५९ ऐवजी १९१. दोन्ही आउटपुटांची बेरीज होऊन कटऑफपाशी शिखर साधारण १.४ पट होतं. बदल्यात वरचा उतार १२ वरून ६ डेसिबलवर येतो आणि आवाज झणझणतो. सतत चालू ठेवला तर कंटाळा येतो. फक्त जोराच्या नोटेपुरता, नोट सुरू होतानाच चालू करा; बिट बदलल्याची टिचकी अ‍ॅटॅकखाली झाकली जाते.

दुसरी वाट परतीची. आउटपुटच्या १० मायक्रोफॅरडनंतरचा आवाज २२ किलोओम आणि १०० किलोओमच्या नॉबमधून, १ मायक्रोफॅरडच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरने २६ नंबरच्या पिनवर परत आणा. कपॅसिटरची धन बाजू चिपकडे, कारण तिथे सुमारे ६ व्होल्ट असतात. २३ नंबरमध्ये २४१ ऐवजी २४९ लिहा, म्हणजे बाहेरून आलेला आवाजही फिल्टरमधून जाईल. नॉब हळूहळू उघडा. हा शुद्ध रेझोनन्स नव्हे. कटऑफपाशी आवाज पाव फेरा मागे पडलेला असल्याने शिखर थोडं बाजूला सरकतं आणि शेवटी सगळंच किंचाळतं. पण किंचाळण्याच्या अलीकडे बोटभर जागा अशी आहे जिथे ६५८१ फार सुंदर घसा खरवडते.

तिसरी वाट माझ्या मते कुणीच टाळू नये: फिल्टरनंतर डिस्टॉर्शन. अ‍ॅसिडच्या ज्या रेकॉर्डी ऐकून लोक सिंथ बनवायला घेतात, त्यांतल्या बऱ्याच आवाजांना पुढे डिस्टॉर्शन लावलेलं आहे. टीएल०७२ चा एक अर्धा भाग नॉन-इन्व्हर्टिंग जोडा, त्याच १२ व्होल्टवर. ४७ किलोओमच्या दोन रेझिस्टरांनी ६ व्होल्टचा मध्य काढा, त्याला १० मायक्रोफॅरड. इनपुट १ मायक्रोफॅरडने आत घ्या आणि १०० किलोओमने या मध्याला बांधा. फीडबॅकला ४.७ किलोओम आणि १०० किलोओमचा नॉब सीरिजमध्ये, खालच्या पायाला ४.७ किलोओम आणि १ मायक्रोफॅरड जमिनीला. वाढ २ ते २३ पट मिळते आणि ३५ हर्ट्झखालचा गाळ वर उचलला जात नाही. आउटपुटला १ मायक्रोफॅरड, मग ४.७ किलोओम, मग जमिनीला उलट-सुलट जोडलेले दोन १एन४१४८. डायोडांना समांतर १० नॅनोफॅरड टाकला की ३.४ किलोहर्ट्झच्या वरची किरकिर दबते. पुढे १० किलोओमचा व्हॉल्यूम. डायोड आवाजाचं डोकं कापतात तेव्हा मोठा तळ आणि छोटं शिखर यांतला फरक कमी होतो आणि सिडचं बेताचं शिखर अचानक पुढे येऊन बोलू लागतं. डिस्टॉर्शन फिल्टरच्या आधी लावून हा परिणाम मिळत नाही.

फिल्टर गेलेल्या चिपांसाठी: २३ नंबरमध्ये ० लिहा, सॉटूथ तसाच बाहेर काढा आणि बाहेर डायोड लॅडर फिल्टर बांधा. कटऑफचा व्होल्टेज एमसीपी४८२२ या १२ बिटांच्या डीएसीमधून (आकड्याचा व्होल्टेज करणाऱ्या चिपमधून) द्या. वरचा सगळा प्रोग्राम तसाच चालतो, कोष्टक तेवढं नवं लागतं. आवाज ३०३ च्या जास्त जवळ जाईल, सिडपासून थोडा लांब. कोणता हवा ते तुमच्या कानाने ठरवा.

६५८१ तापते. आपल्याकडच्या एप्रिल-मे मध्ये बंद डब्यात ती हात लावू देत नाही, तेव्हा तिच्या पाठीवर थर्मल गोंदाने छोटा हीटसिंक चिकटवा आणि डब्याला वरून भोकं ठेवा. कोष्टक २५६ घरांचं, घराला दोन बाइट, म्हणजे ५१२ बाइट. नॅनोच्या ईईप्रॉममध्ये १०२४ असतात. दोन कोष्टकं ठेवता येतात: एक चिप थंड असतानाचं आणि एक तापल्यानंतरचं.